नाचणीचं सत्त्व घरी करताना: मोड, वाळवण, भाजणी आणि शिजवण्याचा नेमका क्रम

घरोघरी होणारं नाचणीचं सत्त्व बहुतेक वेळा नुसतं महागडं पीठ असतं. मोड नावापुरते आलेले, कढईत तपकिरी होईपर्यंत भाजलेलं, वस्त्रगाळ करताना टरफलाचा भाग फेकून दिलेला आणि शेवटी उकळत्या पाण्यात घातलेलं. यातली प्रत्येक गोष्ट सत्त्वाचा मुख्य गुण मारते. मग पेज घट्ट होते, गुठळ्या होतात, आणि बाळाला गिळता यावी म्हणून त्यात पाणी वाढवलं जातं. पोट भरतं ते पाण्याने.

हा लेख सहा महिने पूर्ण झालेल्या बाळांसाठी आणि आजारपणातून उठलेल्या माणसांसाठी सत्त्व करणाऱ्यांसाठी आहे. १ किलो नाचणीचा हिशेब धरला आहे. काम प्रत्यक्षात दोन-तीन तासांचं, पण सगळं मिळून चार-पाच दिवस लागतात. पावसाळ्यात करू नका. का ते वाळवणाच्या टप्प्यात येईलच.

## सुरू करण्याआधी: मोडांनी नेमकं काय होतं

दाणा रुजायला लागला की त्यात अमायलेज नावाची एन्झाइम तयार होतात. दाण्यातल्या स्टार्चच्या लांब साखळ्या ती तोडतात. पेज दाट होते ती या लांब साखळ्या पाणी धरून फुगतात म्हणून. साखळ्या तुटल्या की तेवढंच पीठ, तेवढंच पाणी, पण पेज सैल. म्हणजे एका वाटीत दुप्पट-तिप्पट पीठ मावतं आणि तरी ती चमच्यावरून घसरते. म्हैसूरच्या सीएफटीआरआय या अन्नतंत्रज्ञान संशोधन संस्थेत १९८०च्या दशकात मोड आणलेली नाचणी आणि मूग यांचं बाळांसाठीचं मिश्रण याच तत्त्वावर बसवलं गेलं. त्याच सुमारास बडोद्याला धान्याच्या मोडांच्या चिमूटभर पिठाने दाट पेज पातळ करण्याची रीत अभ्यासली गेली.

हे का महत्त्वाचं, ते आकड्यांत पाहा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७च्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३२० किलोकॅलरी असतात. नेहमीच्या पद्धतीने पेला-दीड पेला पाण्यात, म्हणजे २०० मिलीत, पोह्याचा एक मोठा चमचा पीठ (सुमारे ८ ग्रॅम) पडतं. त्यातून मिळतात २५ किलोकॅलरी, म्हणजे पेजेच्या ग्रॅममागे ०.१५ सुद्धा नाही. बाळाच्या वरच्या आहाराचे जागतिक आरोग्य संघटनेचे हिशेब ग्रॅममागे किमान ०.८ धरून केलेले असतात. सहा-आठ महिन्यांच्या बाळाला वरच्या अन्नातून दिवसाला साधारण २०० किलोकॅलरी हव्यात. पातळ पेजेतून त्या द्यायच्या तर दीड लिटर पेज पाजावी लागेल.

मोडांचा दुसरा फायदा फायटिक आम्लाचा. दाण्यातलं हे आम्ल लोह, जस्त आणि कॅल्शियमला धरून ठेवतं. मोड येताना फायटेज हे एन्झाइम ते काही प्रमाणात फोडतं, त्यामुळे खनिजं शरीराला जास्त मिळतात. फायदा खरा आहे, पण मर्यादित. "नाचणीत दुधाच्या तिप्पट कॅल्शियम" हे वाक्य कोरड्या पिठाची पातळ दुधाशी तुलना करतं. १०० ग्रॅम नाचणीत ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम आहे हे बरोबर, पण बाळ एका वेळी १५ ग्रॅम पीठ खातं. त्यात ५५ मिलिग्रॅमच येतं.

## टप्पा १: धान्य निवडणं

साहित्य: अखंड नाचणी १ किलो, सुती पातळ कापड दोन मीटर, मोठी भोकाची चाळणी किंवा बांबूची टोपली, सूप, जाड बुडाची कढई. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर फार सोय होते.

नाचणी यंदाच्या किंवा गेल्या हंगामाची हवी. दोन-तीन वर्षं पडून राहिलेला दाणा भाकरीला चालतो, मोडांना नाही. ठोक बाजारातून घेताना दाण्याला टोके, जाळी किंवा कुबट वास नाही ना ते बघा. तांबडी-चॉकलेटी आणि पांढरी, दोन्ही जाती चालतात. पांढरीत टॅनिन कमी असतं, ती कमी तुरट लागते.

सावधान: कृषी सेवा केंद्रातलं पेरणीचं बियाणं कधीही वापरू नका. त्याला बुरशीनाशक लावलेलं असतं, बहुधा गुलाबी किंवा निळसर रंग असतो. धुतल्याने ते जात नाही.

तपासा: मुठीतले १०० दाणे मोजून ओल्या फडक्यात ठेवा. ४८ तासांनी ९० किंवा जास्त दाण्यांना मोड आले तर पुढे जा. ८० पेक्षा कमी असतील तर ही नाचणी दळून भाकरीला घ्या. न रुजलेला दाणा ओल्या ढिगात नुसता भिजत पडतो आणि आधी तोच कुजतो, मग शेजारच्यांना बिघडवतो. ही चाचणी लोक हमखास टाळतात आणि मग पूर्ण किलो वाया जातो.

## टप्पा २: पाखडणं आणि रोळणं

नाचणीत बारीक वाळू फार असते, कारण मळणी बऱ्याचदा मातीच्या खळ्यावर होते. दाणा मोहरीएवढा, त्यामुळे निवडून खडे निघत नाहीत. आधी सुपात पाखडून फोलपट आणि कोंडा काढा. मग पाण्यात रोळा: पसरट भांड्यात नाचणी आणि भरपूर पाणी घेऊन भांडं गोल हलवायचं, वर आलेला दाणा पाण्यासकट दुसऱ्या भांड्यात ओतायचा, तळाशी राहिलेली वाळू टाकायची. पाच-सहा वेळा करा. पाणी स्वच्छ दिसणं ही अर्धी खूण. शेवटच्या वेळी भांड्याच्या तळाला बोट फिरवून खरखर लागत नाही हे पाहा.

पाण्यावर तरंगणारे दाणे पोचट असतात, ते काढून टाका.

## टप्पा ३: भिजवणं

१ किलोला ३ लिटर पाणी. थंडीत १२ तास, उन्हाळ्यात ८ तास. मध्ये एकदा पाणी बदला. एप्रिल-मे महिन्यात दर चार तासांनी. बदललेल्या पाण्याबरोबर थोडी टॅनिन, फायटिक आम्ल आणि धूळ निघून जाते.

"जास्त भिजवलं की मोड लवकर येतात" हा समज चुकीचा आहे. दाणा जिवंत आहे आणि श्वास घेतो. पाण्याखाली २० तासांवर ठेवला तर हवेअभावी गर्भ मरतो आणि आंबट वास सुटतो. तसा वास आला तर ती नाचणी मोडांना ठेवूच नका.

भिजून झाल्यावर चाळणीत काढा आणि तासभर निथळू द्या. या क्षणी वजन साधारण १.३ ते १.४ किलो भरतं. खूप जास्त भरलं तर पाणी निथळलेलं नाही.

## टप्पा ४: मोड आणणं

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. मटकीची सवय असल्यामुळे आपण नाचणीचीही घट्ट पुरचुंडी बांधून डब्यात कोंडतो. पाव किलो मटकीला ते चालून जातं. किलोभर नाचणीच्या गाठोड्यात मात्र मधला भाग तापतो (रुजताना दाणा उष्णता सोडतो), त्याला हवा मिळत नाही, आणि बाहेर छान मोड दिसत असताना आत चिकट, आंबूस गोळा तयार झालेला असतो.

त्याऐवजी असं करा.

१. कापड उकळत्या पाण्यात दहा मिनिटं ठेवून पिळा. आधीच्या वेळचं वास धरलेलं कापड घेऊ नका.

२. चाळणीत किंवा टोपलीत कापड अंथरा. त्यावर नाचणी दोन ते तीन सेंटिमीटर जाडीत पसरा. १ किलोला दोन चाळण्या लागतील.

३. वरून कापडाची दुसरी घडी टाका. खाली ताट ठेवा, पण चाळणीच्या बुडाला पाणी टेकता कामा नये.

४. ओट्यावर, उन्हापासून आणि गॅसपासून दूर ठेवा. २५ ते ३० अंश सेल्सिअस सर्वांत चांगलं.

५. दर आठ तासांनी हात स्वच्छ धुऊन दाणे हलक्या हाताने वरखाली करा आणि पिण्याच्या पाण्याचा हबका मारा. दाणे ओलसर हवेत, ओलेचिंब नकोत.

उन्हाळ्यात २४ ते ३६ तास, हिवाळ्यात ४८ ते ६० तास लागतात. पण घड्याळ बघून थांबू नका, मोड बघून थांबा. पांढरा कोंब तीन ते पाच मिलिमीटर, म्हणजे दाण्याच्या दुप्पट-तिप्पट लांब, झाला की पुरे. दाणे एकमेकांत अडकून थर उचलल्यावर जाळीसारखा एकसंध येतो, ती चांगली खूण.

इथे दोन बाजूंनी चूक होते. बहुतेक जण डोळा फुटला, पांढरा ठिपका दिसला की थांबतात. तेव्हा अमायलेज तयार व्हायला जेमतेम सुरुवात झालेली असते. मोड आले असं म्हणता येतं, पण पेज पातळ करण्याचं बळ त्यात नसतं. दुसरी बाजू क्वचित दिसते: कोंब सेंटिमीटरपुढे वाढतो, टोक हिरवं होतं. मग दाण्यातलं बरंचसं स्टार्च कोंबाने खाल्लेलं असतं आणि सत्त्व कडवट लागतं.

सावधान: नाचणीच्या मुळांना बारीक, अगदी पांढरी लव असते आणि ती बुरशीसारखी दिसते. ओळखायची रीत सोपी आहे. पाण्याचा हबका मारल्यावर लव दाण्याला चिकटून दिसेनाशी होते. बुरशी तशीच राहते, दाण्यादाण्यांत कोळ्याच्या जाळ्यासारखी पसरते आणि कुबट वास येतो. राखाडी, हिरवा किंवा काळा रंग दिसला तर पूर्ण घाणा टाकून द्या. खराब भाग काढून उरलेला वापरणं बाळाच्या बाबतीत करू नये. बुरशीची काही विषं भाजल्या-उकळल्याने जात नाहीत.

## टप्पा ५: वाळवणं

मोड थांबवायचे आहेत, एन्झाइम मारायची नाहीत. म्हणून वाळवण लवकर हवं, पण गरम नको. ओल्या दाण्यातलं एन्झाइम उष्णतेला फार लवकर बळी पडतं, कोरड्यातलं बरंच टिकून राहतं. त्यामुळे ओले मोड थेट कढईत घालून "सुकवणं" ही या कामातली सर्वांत महागडी घाई आहे.

आधी दोन-तीन तास पंख्याखाली, सुती कापडावर एकच दाणा जाडीचा थर करून पसरा. वरचं पाणी गेलं की उन्हात ठेवा. वरून पातळ मलमल टाका. धूळ, चिमण्या आणि माश्या यांचा बंदोबस्त होतो. दर तासाला हात फिरवा. दीड ते दोन दिवस कडक ऊन पुरतं. संध्याकाळी आत आणल्यावर ढीग करू नका, पसरलेलंच राहू द्या, नाहीतर रात्री पुन्हा ओल धरते.

ओव्हन किंवा ड्रायर असेल तर ५० अंश, आठ ते दहा तास, दार किंचित उघडं.

कोकणात जून ते सप्टेंबर हे काम घेऊ नये, घाटमाथ्यावरही नाही. हवेतच एवढा ओलावा असतो की दाणा दोन दिवसांनीही दमटच राहतो, आणि दमट मोड म्हणजे बुरशीला आयतं घर. वर्षाचं सत्त्व एकदम करायच्या आग्रहापेक्षा फेब्रुवारी ते मे मध्ये मोड आणून, वाळवून, दाणेच हवाबंद ठेवावेत आणि लागतील तसे दळावेत. पिठापेक्षा दाणा कितीतरी जास्त टिकतो.

तपासा: दाणा दाताखाली कट्‌कन फुटला पाहिजे, चेपला तर अजून ओल आहे. चिमटीत चोळल्यावर मुळ्या भुकटी होऊन गळाव्यात. १ किलो नाचणीचे वाळलेले मोड साधारण ८५० ते ९०० ग्रॅम भरतात. त्याहून बरेच जास्त भरले तर ते पाणी आहे.

## टप्पा ६: मुळ्या काढणं

वाळलेले मोड जाडसर कापडात घेऊन चोळा आणि सुपात पाखडा. मुळ्या आणि कोंब उडून जातील. ते ठेवले तर पीठ कडवट होतं आणि हवेतला ओलावा लवकर ओढतं. अगदी एकही राहू नये असा अट्टहास नको. तीन-चार वेळा पाखडणं पुरे.

## टप्पा ७: दोन वाटण्या आणि हलकी भाजणी

भाजण्याने चव येते, कच्चा वास जातो, उरलीसुरली ओल निघते. पण जास्त भाजलं की अमायलेज संपतं. खमंगपणा आणि पातळ करण्याचं बळ, दोन्ही एकाच पिठातून हवं म्हणणाऱ्याला शेवटी एकच मिळतं. यावर सोपा मार्ग आहे: माल दोन ठिकाणी वाटा.

सुमारे १०० ग्रॅम वाळलेले मोड अजिबात न भाजता बाजूला ठेवा. हे "पातळ करणारं" पीठ. उरलेले ७५० ग्रॅम हलके भाजा.

जाड बुडाची कढई, सर्वांत मंद आच, एका वेळी पाव किलोच. सहा ते आठ मिनिटं सतत परता. दाणा मुठीत धरवत नाही इतका गरम झाला आणि हलका गोडसर वास सुटला की उतरवा. रंग बदलता कामा नये. थर्मामीटर असेल तर दाण्यांचं तापमान ७० ते ८० अंशांदरम्यान ठेवा. तडतड आवाज यायला लागला म्हणजे दाणे लाह्यांच्या दिशेने निघाले. ते पीठ चवीला उत्तम, पण त्यात एन्झाइम शिल्लक नसतं. असं झालंच तर फेकू नका, न भाजलेल्या १०० ग्रॅममुळे काम भागतं.

कढईतून लगेच ताटात काढा. गरम कढईत राहिलेला दाणा आच बंद केल्यावरही भाजत राहतो.

## टप्पा ८: दळणं आणि चाळणं

दाणे पूर्ण गार झाल्यावर दळा. मिक्सरवर थोडे थोडे घेऊन, २०-३० सेकंद चालवून थांबत थांबत. सलग फिरवलं तर पीठ तापतं. आधी न भाजलेले, मग भाजलेले, आणि दोन्हींचे डबे वेगळे.

गिरणीत देत असाल तर आधीचं दळण काय होतं ते विचारा. मिरची-मसाल्याच्या गिरणीत नकोच. गव्हानंतर असेल तर पहिली दोन मुठी नाचणी दळून बाजूला काढायला सांगा.

आता वस्त्रगाळीबद्दल. जुनी रीत दोन प्रकारची आहे: कोरडं पीठ तलम कापडातून गाळणं, किंवा ओले मोड वाटून, पाण्यात कोळून, कापडातून पिळून, तळाशी बसलेला पांढरा साका वाळवणं. दुसऱ्या रीतीने मिळतं ते दिसायला सुंदर, पचायला हलकं, आणि जवळजवळ नुसतं स्टार्च. नाचणीचं कॅल्शियम आणि तंतू यांचा मोठा हिस्सा दाण्याच्या टरफलात आणि त्याला लागून असलेल्या थरात असतो, आणि तो कापडात राहून गुरांना जातो. पाण्यात विरघळणारी काही एन्झाइमही ओतून दिली जातात. कॅल्शियमसाठी म्हणून नाचणी निवडायची आणि कॅल्शियमच गाळून टाकायचं, याला काही अर्थ नाही. साक्याचं सत्त्व हवं तर आजाऱ्याच्या एखाद-दुसऱ्या दिवसासाठी करा. बाळाच्या रोजच्या आहारासाठी नाही.

पीठ मैद्याच्या चाळणीने चाळा. वर राहिलेलं पुन्हा दळा, पुन्हा चाळा, असं दोनदा. शेवटी मूठभर भरड राहील ती भाकरीच्या पिठात मिसळा. कोरडं वस्त्रगाळ फक्त पहिल्या महिना-दोन महिन्यांसाठी, जेव्हा बाळाला कणही टोचतो.

डबे काचेचे किंवा स्टीलचे, घट्ट झाकणाचे. पीठ गार झाल्याशिवाय झाकण लावू नका, वाफ आत राहते. कोरड्या हवेत बाहेर महिनाभर, फ्रिजमध्ये तीन महिने. तारीख लिहा. चमचा कोरडा.

## टप्पा ९: बळ तपासणं

हे थोड्या वेळाचं काम आहे, प्रत्येक नव्या घाण्याला एकदा करा.

साध्या तांदळाच्या पिठाची घट्ट पेज करा: ३० ग्रॅम पीठ, १५० मिली पाणी, चमचा उभा राहील इतकी. दोन वाट्यांत अर्धी अर्धी घ्या. वाफ थोडी कमी होऊ द्या, साधारण ६५ ते ७० अंशांपर्यंत. एका वाटीत न भाजलेल्या पिठाचा अर्धा छोटा चमचा घालून नीट ढवळा. दुसरी तशीच ठेवा. पाच ते आठ मिनिटांत पहिली वाटी ओघळायला लागली पाहिजे. फरक दिसला नाही तर मोड कमी आले किंवा वाळवणात तापलं. अशा पिठाला सत्त्व म्हणून वापरू नका, साधं नाचणीचं पीठ म्हणून चालेल.

## टप्पा १०: शिजवणं

हे एन्झाइम ६० ते ७० अंशांत झपाट्याने काम करतं, आणि ८० च्या पुढे गेलं की संपतं. उकळत्या पाण्यात पीठ टाकणं म्हणजे चार दिवसांची मेहनत दोन सेकंदांत घालवणं. दोन रीती आहेत.

पहिली रीत, थंड पाण्यापासून. भाजलेलं सत्त्व ३० ग्रॅम (पोह्याचे सपाट चार चमचे), त्यात न भाजलेलं अर्धा छोटा चमचा, १५० मिली थंड पाणी. गुठळ्या मोडून दहा मिनिटं ठेवा. मग सर्वांत मंद आचेवर ढवळत गरम करा. वाफा दिसू लागल्या पण बुडबुडे नाहीत, या अवस्थेत सहा-सात मिनिटं राहू द्या. आच जास्त वाटली तर भांडं उचलून धरा. पेज आधी किंचित दाटते आणि मग सैल होते. सैल झाली की आच वाढवा आणि तीन-चार मिनिटं खदखदू द्या.

दुसरी रीत, दाट पेज मोडून. घरात मऊ भात, मुगाची खिचडी किंवा लापशी झालीच असेल तर ती घोटून घ्या, वाफ थोडी कमी झाली पण अजून हाताला सोसवणार नाही इतकी गरम असतानाच एका वाटीला न भाजलेल्या पिठाचा एक छोटा चमचा घाला, ढवळा, पाच-सात मिनिटं झाकून ठेवा. सैल झाल्यावर पुन्हा दोन-तीन मिनिटं उकळा. बोट बुडवून तापमान बघू नका. गरम पेज त्वचेला चिकटते आणि भाजते.

सावधान: शेवटची उकळी दोन्ही रीतींत अनिवार्य आहे. मोड ओल्या, उबदार जागी वाढतात, तिथे जंतूही वाढतात. न भाजलेलं पीठ कच्चंच आहे असं समजा. ते गरम पेजेत मिसळून तसंच भरवू नका.

पहिल्या रीतीच्या पेजेत ९५ किलोकॅलरी येतात. त्यात एक छोटा चमचा तूप (५ ग्रॅम, ४५ किलोकॅलरी) घातलं की वजन १७० ग्रॅमच्या आसपास आणि ऊर्जा ग्रॅममागे ०.८. पेज चमच्यावर टिकली पाहिजे, तिरका केल्यावर हळू ओघळली पाहिजे. त्याहून पातळ झाली तर पुढच्या वेळी पीठ वाढवा किंवा न भाजलेलं कमी घाला.

## भरवताना

सहा महिने पूर्ण होण्याआधी काही नाही. सुरुवात दोन-तीन चमच्यांनी, आठव्या महिन्यापर्यंत हळूहळू अर्ध्या कपापर्यंत. पहिले तीन दिवस नुसती नाचणी; मग मूग, मग शेंगदाण्याचं बारीक कूट, एका वेळी एकच नवी गोष्ट. काही सोसलं नाही तर कशामुळे ते कळतं. काजू-बदाम-वेलदोडे-खारीक सगळं एकदम दळून "पौष्टिक मिश्रण" करण्याची पद्धत याच कारणाने टाळावी. शिवाय सुक्यामेव्याचं तेल सुटून पीठ खवट होतं.

मीठ वर्षभर नको. साखर आणि गूळ दोन वर्षांपर्यंत टाळावेत; मोडांमुळे पेज आपसूक गोडसर लागते. मध वर्षाच्या आत अजिबात नाही, त्यातून बॉट्युलिझम या जंतूंच्या विषाने होणाऱ्या गंभीर आजाराचा धोका असतो.

नाचणीतलं लोह अंगी लागावं म्हणून पेजेबरोबर क जीवनसत्त्व द्या: पपई, पेरूचा बी काढलेला गर, संत्र्याचा रस चमचाभर. पेज कोमट झाल्यावर मिसळा. आणि नाचणी हा एकमेव आहार करू नका. वरण, भाज्या, फळं सोबत हवीतच. वजन वाढत नसेल तर सत्त्वाचे प्रयोग थांबवून बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

मुगासह हवं असेल तर मुगाला वेगळे मोड आणा (त्याला २४ तास पुरतात), वाळवा, भाजा, सालं पाखडा आणि ७० भाग नाचणीला ३० भाग मूग असं मिसळा. दोन्ही धान्यं एकाच कापडात ठेवली तर मूग आंबतो आणि नाचणी अजून डोळाच फोडत असते.

उरलेली पेज दोन तासांपलीकडे बाहेर ठेवू नका. थर्मासमध्ये भरून दिवसभर भरवणं तर सर्वांत वाईट, कारण कोमट राहणारी पेज हे जंतूंचं आवडतं ठिकाण.

घरातले मधुमेही "पौष्टिक" म्हणून रोज सकाळी हीच पेज घेत असतील तर त्यांना थांबवा. मोडांनी स्टार्च तुटलेलं, पीठ बारीक आणि वर पातळ पेज, यामुळे साखर रक्तात लवकर चढते. त्यांच्यासाठी नाचणीची भाकरी, सोबत पालेभाजी आणि उसळ.

## बिघडलं तर

पेज उकळतानाच घट्ट झाली: पाणी आधीच गरम होतं किंवा आच मोठी होती. वाफा निघण्याइतकी गार होऊ द्या, न भाजलेलं पीठ छोटा चमचाभर घाला, सात मिनिटं थांबा, पुन्हा उकळा.

सत्त्व कडू लागतं: मुळ्या राहिल्या, किंवा कोंब हिरवा झाला होता. चाळून थोडा फरक पडतो, जास्त नाही.

पिठाला गोळे धरले: ओल राहिली होती. वास आणि रंग ठीक असेल तरी ते बाळाला देऊ नका.

ज्वारीचं सत्त्व याच पद्धतीने करता येईल का, असं बरेच जण विचारतात. ज्वारीच्या कोंबात धुरीन असतं आणि त्यातून सायनाइड सुटतं; कोवळी ज्वारी खाऊन गुरं दगावतात ती यामुळेच. कोंब आणि मुळ्या एकही न ठेवता काढणं घरी जमेलच असं नाही. म्हणून बाळासाठी ज्वारीचे मोड घेऊ नका. बाजरी किंवा गहू चालतात, वेळा मात्र वेगळ्या: गहू ३६ ते ४८ तास, बाजरी २४ ते ३६ तास, आणि बाजरीचं पीठ पंधरा दिवसांत संपवायचं, कारण तिच्यातलं तेल लवकर खवट होतं.